जुना आरपीजी पहिल्यांदा खेळताना

पहिलाच जुना आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा कॉम्प्युटर गेम) असेल तर 'प्लेनस्केप: टॉरमेंट' घे. १९९९चा गेम आहे, चित्रं धूसर, माणसं बोटभर. थोडा वेळ नेटाने खेळलास की डोळे सरावतात. २०१७ची एन्हान्स्ड एडिशन घेतलीस तर आजच्या स्क्रीनवर अक्षरंही नीट वाचता येतील, आणि वाचायला भरपूर आहे.

पात्र बनवताना ताकदीच्या मागे लागू नकोस, विज्डम आणि इंटेलिजन्सवर गुण टाक. नायक शवागारात शुद्धीवर येतो, समोर तरंगती कवटी बडबडायला लागते, आणि पुढे संवादांत असे पर्याय उघडत जातात जे कमी बुद्धीच्या नायकाला दिसतही नाहीत. गेमचा सगळा जीव त्यांच्यातच आहे! मारामारी खरंच यथातथा, ती उरकून घे. स्पेसबारने खेळ थांबवून हुकूम देता येतात. आर्मर क्लासचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, हे नवख्यांना हमखास उलटं वाटतं.

१९९७चा 'फॉलआउट' यानंतर. वॉटर चिप (नायकाच्या भूमिगत वस्तीचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा भाग) शोधायला सुरुवातीला १५० दिवसच असतात, उगाच भटकू नकोस. आणि खेळ सेव्ह करताना कायम वेगवेगळ्या स्लॉटमध्ये कर, जुना सेव्ह पुसू नकोस.