डोळे मिटायला सांगितलं की जीव घाबरा होतो

वाचकांचे प्रश्न : मन आणि मेंदू

प्रश्न : वय 43. दीड वर्षापूर्वी माझे मिस्टर अपघातात गेले. पुढे मुलाच्या एडीएचडीच्या (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याच्या स्थितीच्या) तपासणीच्या निमित्ताने माझीही तपासणी झाली आणि मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. समुपदेशनाला चार वेळा गेले. 'डोळे मिटा, श्वासावर लक्ष द्या, दुःख शरीरात कुठे जाणवतंय ते सांगा,' असं म्हटलं की मला काही सांगता येत नाही, उलट छाती धडधडते. 'तुम्ही मोकळ्या होत नाही,' असं ऐकून जाणं बंद केलं. माझंच चुकतंय का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. पद्धत तुमच्या मापाची नव्हती.

ऑटिझम असलेल्या साधारण निम्म्या माणसांना आपल्या भावनेला नाव देणं अवघड जातं. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. भावना असते, पण तिची खबर उशिरा लागते. कित्येकांना भूकसुद्धा हात थरथरायला लागल्यावरच कळते. अशा माणसाला 'दुःख कुठे जाणवतंय' विचारलं की उत्तर सापडत नाही, आणि न सापडल्याचा ताण वर येऊन बसतो. डोळे मिटण्याची अडचण निराळी. आघातानंतर मेंदू सतत पहाऱ्यावर असतो. डोळे मिटायचे म्हणजे तो पहारा उठवायचा. त्यात श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड अधिकच जाणवते. हे अनेकांना होतं, आणि समुपदेशकाने ते ओळखायला हवं होतं.

यावर उपाय साधे आहेत. प्रश्न मोकळा न ठेवता निवडीचा करायचा : 'सकाळपासून जबडा आवळलेला आहे का? हो की नाही?' 'कालचं जेवण किती वाजता झालं?' 'आत्ताचा ताण 0 ते 10 मध्ये किती?' भावनेचं नाव शेवटी आलं तरी चालतं, नाही आलं तरी काम अडत नाही. डोळे उघडे, नजर फरशीवर. श्वासाऐवजी दोन्ही तळहात भिंतीवर 10 सेकंद जोरात दाबून सोडायचे, असं तीनदा. किंवा गार पाण्याचा पेला हातात धरायचा.

आघातावरच्या उपचारांत जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस केली. ईएमडीआरमध्ये आठवणीचा एक तुकडा मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची असते. चेहऱ्यासमोर हाललेलं सोसत नसेल तर स्वतःच्या गुडघ्यांवर आळीपाळीने थापट्या मारूनही ते करता येतं. फेऱ्या छोट्या ठेवायच्या, पुढची पायरी कोणती ते आधी लिहून द्यायचं, आणि थांबण्याची खूण ठरवायची, कारण ताण वाढला की बऱ्याच जणांची वाचा बसते. टेबलावर लाल कार्ड ठेवलं तरी पुरतं. हे घरी व्हिडिओ बघून करू नका. आठवण उघडली आणि सावरायला कोणी नसलं की माणूस कित्येक दिवस विस्कटून जातो.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. कुठला त्रास आघाताचा आणि कुठला ज्ञानेंद्रियांचा, हे वेगळं करावं लागतं. कसोटी एकच : हा आवाज अपघाताआधीही सोसत नव्हता का? मिक्सर, कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची घरघर लहानपणापासून नकोशी असेल, तर तो तुमच्या मेंदूच्या घडणीचा भाग आहे. 'रोज थोडं थोडं ऐका, सवय होईल,' हा सल्ला इथे लागू पडत नाही. भीती अशा सरावाने उतरते, ज्ञानेंद्रियांवरचा भार बहुधा उतरत नाही, साठत जातो. तिथे इअरप्लग आणि पिवळा दिवा हाच उपाय. पण रात्री वाजणारा फोन अपघातानंतरच अंगावर येऊ लागला असेल, तर त्यावर थेरपीत काम करायचं. दोन रकान्यांची यादी करून न्या. पहिल्या दोन बैठकांचं काम तिथेच होईल.

आणि तेराव्यापर्यंत तुम्ही रडला नसाल, लोक बोलले असतील, तर ते मनाला लावून घेऊ नका. माणसांनी भरलेल्या घरात तुमची सगळी शक्ती नुसतं टिकून राहण्यात जाते. शोक नंतर येतो, पुष्कळदा मोडलेल्या दिनक्रमातून : सकाळी सवयीने दोन कप चहाचं पाणी ठेवलं जातं तेव्हा. थेरपिस्टने तिथून सुरुवात करावी.

पुढच्या ठिकाणी पहिल्या भेटीआधी एवढं लिहून पाठवा : 'मला ऑटिझम आहे. प्रश्न आदल्या दिवशी लिहून मिळाले तर बरं. मी नजरेला नजर देणार नाही, पण ऐकत असते. डोळे मिटायचे व्यायाम नकोत. उत्तराला वेळ लागला तर थांबा, प्रश्न बदलू नका. शेवटची 10 मिनिटं नवीन विषय काढू नका.' यावर येणाऱ्या उत्तरावरून तिथे जायचं की नाही ते ठरेल.

प्रश्न : वय 31, ऑटिझम आणि एडीएचडी. सहा महिन्यांत लग्न, पुण्याहून बंगळूरुला बदली, नवी टीम. आता आंघोळ, स्वयंपाक, ईमेल, काहीच होत नाही. डिप्रेशनसाठी 'रोज बाहेर पडा, लोकांत मिसळा,' असा तक्ता मिळाला. त्याने आणखी ढासळलो.

उत्तर : हे ऑटिस्टिक बर्नआउट असू शकतं. नैराश्यात सहसा आवडीच्या गोष्टीतला रसच जातो. बर्नआउटमध्ये रस असतो, ताकद संपलेली असते, येणारी कामं येईनाशी होतात आणि आवाज-प्रकाश पूर्वीपेक्षा कमी सोसतात. म्हणूनच लोकांत मिसळण्याचा तक्ता उलटला. दोन्ही एकत्रही असतात, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांना हा फरक सांगून पुन्हा तपासून घ्या. सुरू असलेली औषधं मनाने बंद करू नका.

आधी मागण्या कमी करा. आंघोळ बसून, स्टुलावर. जेवणाचे तेच तीन पदार्थ आठवडाभर चालतील. ऑफिसात आठवड्याचे दोन दिवस घरून काम मागा, आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. घरी आल्यावर 40 मिनिटं अंधाऱ्या खोलीत, कोणाशी न बोलता. हे पत्नीला आधी समजावून सांगा, नाहीतर नव्या संसारात तो रुसवा वाटतो. चूक इथे होते : जरा बरं वाटलं की माणूस साठलेली कामं एका दिवसात उरकतो आणि पुढचे चार दिवस आडवा होतो. बऱ्या दिवशीही निम्म्यावर थांबा. भरून यायला आठवडे नव्हे, महिने लागतात. जगू नये असं वाटलं तर थांबू नका : टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीतही.

प्रश्न : आघातामुळे लक्ष लागत नाही की मला मुळात एडीएचडी आहे, हे कसं ओळखायचं?

उत्तर : काळावरून. एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. शाळेची प्रगतिपुस्तकं काढा. 'हुशार आहे पण धांदरट,' 'वह्या अपूर्ण' असे शेरे उपयोगी पडतात. आई किंवा मोठ्या भावंडाला सोबत न्या. बालपणही आघाताचं असेल तर मात्र गुंता वाढतो. तेव्हा एका भेटीत शिक्का मारणाऱ्यापेक्षा दोन-तीन भेटी घेणारा तज्ज्ञ बरा.

प्रश्न : थेरपिस्ट योग्य आहे हे फोनवर कसं पारखायचं?

उत्तर : क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच नको. मग विचारा : ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या प्रौढांबरोबर काम केलंय का, आणि उपचाराचं उद्दिष्ट काय धरता? 'चारचौघांसारखं वागायला शिकवू,' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. आयुष्यभर घातलेला मुखवटाच पुष्कळांना इथवर घेऊन आलेला असतो. 'तुम्हाला कशाने सोपं जाईल ते आधी बघू,' असं म्हणाले तर तीन भेटी करून बघा. तिसऱ्या भेटीनंतर एकच गोष्ट तपासा : तिथून घरी आल्यावर झोपून राहावं लागतं का, आणि ते थेरपिस्टला सांगितल्यावर त्यांनी काही बदललं का.