सफरचंदाची तवसळी

चि. रेवा,

अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, "आई, मैत्रिणीच्या घरी अ‍ॅपल पाय भाजतात, मग आपल्या मराठी घरांत भाजलेलं गोड का नसतं? आणि म्हापशाच्या बाजारातल्या सफरचंदांचा पाय होईल का?"

पायचं आधी सांगते. होईल, पण तू पाठवलेल्या कृतीने नाही. ती इकडच्या, म्हणजे इंग्लंडातल्या, ब्रॅम्ली सफरचंदांची कृती आहे. ब्रॅम्ली कच्चं खाववत नाही इतकं आंबट असतं आणि शिजलं की विरघळून जातं, म्हणून त्यात एवढी साखर घालतात. पावसाळा सरताना हिमाचल-काश्मीरहून आपल्याकडे येतं ते बहुतेक रॉयल डिलिशियस. ते गोड असतं, आंबटपणा नावालाच, आणि शिजल्यावर चव पांचट होते. त्यात पायचं आवरण खुसखुशीत व्हायला लोणी लाटताना गार राहावं लागतं, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ते हातातच वितळतं.

भाजलेलं गोड मात्र आपल्याकडे आहे, बाळ. आजीची तवसळी आठव. मालवण-रत्नागिरीकडे तिलाच धोंडस म्हणतात. किसलेलं तवसं (मोठी काकडी), तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं जाड बुडाच्या भांड्यात घालून खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवायचे. खालून-वरून सारखी आच म्हणजेच ओव्हन. पावाची भट्टी पोर्तुगीजांबरोबर आली, पोदेर, म्हणजे पाववाला, हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आलेला. घरोघरी भट्टी नव्हती, पण चूल होती, आणि झाकणावरचे निखारे होते. म्हणून मला वाटतं, तू पायच्या मागे न लागता तवसळीतच सफरचंद घाल. तवशी संपत येतात तेव्हाच सफरचंदं स्वस्त होतात.

पण तवशाच्या मापाने सफरचंद घातलंस तर फसेल. तवशात जवळजवळ सगळं पाणीच असतं आणि गोडी नसते. सफरचंदात पाणी कमी, ते गरातच धरलेलं, आणि 100 ग्रॅममागे 10 ग्रॅमच्या आसपास साखर. म्हणजे गूळ कमी करायचा आणि ओलावा वरून द्यायचा. 20 सेंटिमीटरच्या गोल डब्यासाठी हे घे: इडलीचा रवा 200 ग्रॅम, सोलून किसलेलं सफरचंद 400 ग्रॅम, वेगळं एक सफरचंद फोडी करायला, चिरलेला गूळ 150 ग्रॅम, ओलं खोबरं 80 ग्रॅम, नारळाचं पातळ दूध 250 मिली, तूप 4 चमचे, लिंबाचा रस 2 चमचे, अर्धा चमचा मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. मीठ विसरू नकोस, त्याशिवाय गूळ नुसताच गोड लागतो. दालचिनी मी तरी घालणार नाही, ती खोबऱ्यावर चढून बसते.

रवा 2 चमचे तुपात मंद आचेवर 7-8 मिनिटं भाज. खमंग वास यायला हवा, रंग बदलायला नको. एका सफरचंदाच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी उरलेल्या तुपात कडेने लालसर होईतो परत. पांचटपणा जातो तो या फोडींनी आणि लिंबाने. सफरचंद जाड किसणीवर किस. बारीक किसलंस तर त्याचा लगदा होतो आणि तवसळी चिकट लागते.

कीस आणि नारळाचं दूध मंद आचेवर गरम कर. खळखळून उकळलं तर दूध फुटून तेल सुटतं. त्यात रवा घालून झाकण ठेव आणि 8-10 मिनिटं शिजू दे. कण बोटांनी चेपून बघ. मध्ये टणक लागला तर दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपड. तो मऊ झाल्याशिवाय गूळ घालायचा नाही. शिऱ्यात साखर शेवटी घालतात त्याच कारणाने: गोड पदार्थ पाणी ओढून घेतो आणि रवा कचकचीत राहतो. सफरचंदाची तवसळी बिघडते ती बहुतेक इथेच. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घे, नाहीतर दाताखाली वाळू येते. मग हा गूळ, खोबरं, फोडी, लिंबू, मीठ, वेलची, जायफळ घाल. मिश्रण शिऱ्यापेक्षा किंचित सैल हवं.

डब्याला तूप लावून तळाशी हळदीचं पान घाल. मिश्रण साडेतीन सेंटिमीटरपेक्षा जाड भरू नकोस, कडा करपतात आणि मध्य ओला राहतो. 180 अंशांवर 45-50 मिनिटं लागतात. सुरी अगदी कोरडी निघायची वाट बघू नकोस. कडा डब्यापासून सुटल्या आणि वरचा रंग तांबूस झाला की काढ. ओव्हन नसेल तर डबा जाड तव्यावर ठेवून मंद गॅसवर, आणि झाकणावर करवंटीचे निखारे. निखारे आजी ठेवेल, तू नाही.

ती फुगणार नाही, तिच्यात सोडा नाही. अंडंही नाही, म्हणून नैवेद्याला चालते. दिवाळीच्या फोवांशेजारी, म्हणजे पोह्यांशेजारी, ठेवायची असेल तर आदल्या संध्याकाळीच कर. गरम असताना कापलीस तर भुगा होतो, तांदूळ गार होतानाच घट्ट धरतो. चार तास तरी हात लावू नकोस. ओलं खोबरं असल्यामुळे बाहेर एकच दिवस टिकते, मग फ्रिजमध्ये तीन दिवस. फ्रिजमधली टणक झालेली वडी तव्यावर थेंबभर तुपात दोन्ही बाजूंनी परत, ती ताज्यापेक्षाही चांगली लागते.

तुझी,
आई