रेक्टर, व्हिकर, क्युरेट : पगार कोण द्यायचं?

प्रश्न : सध्या व्हिक्टोरियन काळातल्या कादंबऱ्या वाचायचा नाद लागलाय. प्रत्येक खेड्यात कुणी रेक्टर, कुणी व्हिकर, कुणी क्युरेट. सगळे पाद्रीच ना? मग एकाकडे घोडागाडी आणि दुसऱ्याची खायची मारामार, असं का? आणि पॅरिश म्हणजे नक्की चर्च की गाव?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : ताई, शेवटचं आधी घेतो. पॅरिश म्हणजे दोन्ही, एका चर्चच्या हद्दीत येणारं गाव. गावचे करदाते चर्चमध्ये व्हेस्ट्री नावाच्या सभेला जमायचे (थंडी फार असली की मीटिंग सरळ पबात हलायची), अध्यक्ष पाद्रीच, आणि चर्चच्या दुरुस्तीची पट्टी तिथेच ठरायची. ती पट्टी मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा वेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळींनाही भरावी लागायची, त्यांनी वर्गणी काढून स्वतःचं चॅपल (प्रार्थनाघर) बांधलेलं असलं तरी! सक्ती उठली थेट १८६८ मध्ये.

आता पैशाचं. रेक्टरला पगार नसायचा, त्याचा हक्क गावच्या पिकाच्या दहाव्या हिश्शावर, आपल्याकडच्या बलुत्यासारखाच प्रकार म्हणा, फक्त हिस्सा भलताच मोठा. व्हिकरच्या गावात धान्याचा मोठा हिस्सा पूर्वी मठाकडे जायचा, आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि तो हक्क कुणा जमीनदाराच्या नाहीतर कॉलेजच्या हातात पडला, व्हिकरला उरली कोकरं, अंडी, फळं असली किरकोळ वसुली. क्युरेट म्हणजे बहुतेक वेळा यांनी पगारावर ठेवलेला मदतनीस, त्यामुळे मारामार त्याचीच. आणि पाद्री नेमायचा हक्क बऱ्याच ठिकाणी जमीनदाराकडे, तो चक्क विकता यायचा, पेपरात जाहिराती यायच्या.

१८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख रक्कम आली, पण ती गहू, बार्ली, ओट्स यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाला बांधलेली. पुढे १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला, भाव कोसळले आणि रेक्टरसाहेबांची कमाईही घसरली.

गरिबांचं मात्र वाचवत नाही. १८३४ पासून बऱ्याच पॅरिश एकत्र करून युनियन (म्हणजे गट) केल्या आणि त्यांचं वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवायची संस्था, तिथे गेलं की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे, अंगावर संस्थेचे कपडे. शिवाय मदत मागितली आणि तुमची पॅरिश दुसरीच निघाली तर तिकडे परत पाठवून द्यायचे.

गावची उतरंड चर्चमध्ये कशी दिसायची ते जोसेफ आर्चने लिहून ठेवलंय. वॉरिकशायरमधल्या बारफर्डचा शेतमजुराचा पोरगा, जन्म १८२६. वडील कम्युनियनला (भाकरी-वाइनच्या प्रसादविधीला) थांबले म्हणून याने बाहेरून किल्लीच्या भोकाला डोळा लावला. आधी जमीनदार, मग शेतकरी, मग दुकानदार, सुतार, लोहार, आणि सगळ्यात शेवटी सदरा घातलेले मजूर, याचे वडील त्यातच. देवाच्या दारातही रांग ठरलेली! हा प्रसंग व्हिक्टोरिया गादीवर यायच्या थोडा आधीचा, पण ती आल्यावर बदललं काय, फारसं नाहीच. याच आर्चने १८७२ मध्ये शेतमजुरांची संघटना उभी केली आणि मजुरांना मत मिळाल्यावर १८८५ मध्ये पार्लमेंटमध्ये गेला.

शाळाही बहुतेक गावांत चर्चचीच, चॅपलवाल्यांच्या पोरांनाही तीच. कबरीचंही तसंच, चर्चच्या आवारात पुरायचं तर प्रार्थना पाद्रीच म्हणणार, १८८० च्या कायद्यानंतर कुठे चॅपलवाल्यांना स्वतःच्या पद्धतीने दफन करता यायला लागलं.

मोठा बदल १८९४ मध्ये, तीनशे किंवा जास्त वस्तीच्या ग्रामीण पॅरिशला निवडून दिलेली पॅरिश कौन्सिल मिळाली, बायकांनाही उभं राहता यायचं. तेव्हा तुमच्या कादंबरीचं साल आधी बघा. १८९४ च्या आधीचं असेल तर गावच्या सभेत खुर्चीवर बसलेला माणूस बहुधा पाद्रीच असणार, नंतरचं असेल तर त्यालाही मतं मागत फिरावं लागेल.