गाडी तू चालव, सहल त्यांची असू दे

अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. एप्रिलमध्ये आई-बाबा पुण्याहून अमेरिकेत आले की त्यांना आणि लेकाला घेऊन आठ दिवस आरव्हीने, म्हणजे आतच राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, फिरायचं, हे तू फार छान ठरवलं आहेस. यादी मात्र बघवेना. फीनिक्सहून ग्रँड कॅन्यन, पेज, झायन, ब्राइस, मोन्युमेंट व्हॅली आणि परत. एवढं धावलात तर नातू मागे झोपलेला आणि आजोबा मान अवघडून बसलेले, यापलीकडे काही हाती लागणार नाही. पेज, झायन आणि ब्राइस पुढच्या खेपेला ठेव. पहिली रात्र फ्लॅगस्टाफला काढ, मग ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर, सलग तीन आणि मोन्युमेंट व्हॅलीला दोन. परतताना पुन्हा फ्लॅगस्टाफ. फीनिक्स अकराशे फुटांवर आहे, फ्लॅगस्टाफ आणि रिम सात हजारांच्या आसपास. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना उंचीबद्दल आधीच विचारून ठेव आणि पहिल्या दिवशी चालणं-चढणं काही नको.

साउथ रिमवर ‘ट्रेल ऑफ टाइम’ आहे, त्यासाठी एक अख्खी सकाळ राख. यावापाई भूशास्त्र संग्रहालयापाशी सुरू होणारी ही वाट सपाट आणि फरसबंद आहे. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दर दहा मीटरवर वर्षांचा आकडा असलेली धातूची खूण आहे आणि कॅन्यनमधले खरे दगड कडेने मांडलेत, त्यांना हात लावता येतो. बाबांनी सगळं आयुष्य सह्याद्रीत भटकण्यात घालवलंय. नातवाला म्हणावं, आजोबांच्या किल्ल्यांचा दगड कुठे येतो ते मोजत जा. आपला काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे सुरुवातीपासून पासष्ट-सहासष्ट मीटरवरच तो काळ येतो. आणि इथल्या खोल दरीतले सर्वांत जुने खडक गाठायला त्याच हिशेबाने अठराशे मीटरच्या पुढे जावं लागतं! राजगड-तोरण्याच्या गोष्टी आपोआप निघतील. त्या वेळी तू तिथे नसावंस असं मला मनापासून वाटतं. आई-वडील शेजारी असले की मूल त्यांच्याकडेच बघतं आणि आजी-आजोबाही बोलताना हात आखडता घेतात. उद्यानात मोफत बस फिरतात. तिघांना बसने जाऊ दे, तू गाडीपाशी थांब. संध्याकाळी काय बघितलं ते त्यांच्याकडून ऐक.

तुझ्यासाठी कामं भरपूर आहेत. पंचवीस फुटी क्लास सी गाडी (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली मधल्या आकाराची आरव्ही) एका गॅलनला आठ-दहा मैलच देते. वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, तेव्हा आधी मोकळ्या पार्किंगमध्ये सराव कर. लेकाची कारसीट समोर तोंड असलेल्या, पक्का पट्टा असलेल्या जागीच बसव, आडव्या बाकावर कधीच नाही. गाडी चालू असताना कुणीही उठायचं नाही, चहासाठीसुद्धा. मागचा पलंग आई-बाबांना दे. ड्रायव्हरच्या डोक्यावरची, शिडीने चढायची झोपायची जागा त्यांच्या गुडघ्यांसाठी नाही.

टाक्या रिकाम्या करणं तुझ्याकडेच. आधी शौचाची काळी टाकी सोड, मग सांडपाण्याची करडी, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. काळ्या टाकीची झडप मुक्कामात उघडी ठेवलीस तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ आत साठतो. एप्रिलमध्ये रिमवर रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, तेव्हा झोपण्यापूर्वी बाहेरच्या नळाला जोडलेली पाण्याची नळी सोडवून ठेव, नाहीतर ती गोठेल.

आईला स्वयंपाक करायचाच असेल. त्या उंचीवर पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर हवाच. फोडणीने आतला धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून ती बाहेर शेगडीवर द्या.

मोन्युमेंट व्हॅली नॅव्हाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची आहे. तिथे राष्ट्रीय उद्यानाचा पास चालत नाही, दरीतल्या कच्च्या रस्त्यावर आरव्ही नेता येत नाही, आणि उन्हाळी वेळेत त्यांचं घड्याळ फीनिक्सच्या एक तास पुढे असतं. तिथल्या माणसाच्या जीपने फिरा. त्यांची भूमी त्यांच्याच तोंडून नातवाने ऐकावी.

ज्येष्ठांचा सवलतीचा पास अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांनाच मिळतो, व्हिसावर आलेल्या आई-बाबांना नाही. 2026 पासून परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनला जास्त शुल्क आहे, ते खर्चात धर.

साउथ रिमवर मॅदर कॅम्पग्राउंडला वीज-पाण्याची जोडणी नाही, ट्रेलर व्हिलेजला आहे. आई-बाबा बरोबर आहेत आणि रात्री गार, म्हणून तिथेच जागा बघ. जागा फार लवकर भरतात, विमानाची तिकिटं निघाली की त्याच दिवशी आरक्षण कर आणि मला तारखा कळव. कुकर आणि बाहेरची शेगडी माझ्याकडून घेऊन जा, विकत आणू नकोस.

तुझी,
काकू