आधी पाणी, मग रंग

प्रिय पोरी,

तुमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्याची दुरुस्ती निघाली आहे. देणगीदाराला टाइल्स घालायच्या आहेत, कॉलेजची मुलं ब्रश घेऊन तयार आहेत आणि गवंडी म्हणतोय जुन्या कोब्यावरच इंचभर थर मारतो, दोन दिवसांत मोकळे. या सगळ्यात सुरुवात कशाने करू, असं तू विचारतेस. पाण्याने कर. एका केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या कोठीत, बादलीभर पाणी ओत आणि ते कुठे जातं ते बघत उभी राहा. कोपऱ्यात साचलं, की शेजारच्या कुत्र्याकडे गेलं? पाणी जिथे साचेल तिथेच मूत साचणार, आणि पार्वो या विषाणूने आजारी पडलेल्या पिल्लाचे जुलाबही तिथेच मुरणार. ओलसर, सावलीच्या जागी तो विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. भिंतीवर फुलपाखरं काढलीस म्हणून तो जात नाही.

तेव्हा आधी उतार. दर फुटाला पाव इंच, म्हणजे दहा फुटी केनेलला मागच्या भिंतीपासून पुढच्या गटारापर्यंत अडीच इंच. गवंडी ‘ढाळ दिलाय’ म्हणाला तरी ऐकू नकोस. काँक्रीट ओतण्यापूर्वी लेव्हलची पाणी भरलेली नळी धर, दोन्ही भिंतींवर खुणा मार आणि दोरी बांधून घे. इंचभर थराचं तर नावच काढू नकोस. काठीने ठोकलंस की आतून पोकळ वाजतो, मग तडकतो आणि तड्यात मूत शिरून कायमचा वास बसतो. जुना कोबा फोडून, खालची भर ठोकून चार इंच काँक्रीट घाल, एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी अशा मालाचं. दहा बाय चारच्या केनेलला सुमारे अडीच पोती सिमेंट लागेल. वर झाडूने हलकं खरखरीत कर. गुळगुळीत टाइलवर म्हाताऱ्या कुत्र्यांचे मागचे पाय फाकतात, आणि टाइलच्या सांध्यांतली घाण कुणाच्या बापाला निघत नाही. देणगीदाराला हे सरळ सांग. रागावला तर रागावू दे.

भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन ठेवू नकोस, सिमेंटची गोलाई काढून घे, म्हणजे खराटा सगळीकडे पोचतो. तुमच्याकडे भिंती जांभ्याच्या आहेत ना, उघड्या? टॉर्च लावून एका चिऱ्याची भोकं बघ. आत गोचिडी चिकटलेल्या दिसतील. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि ती अशाच फटींत. कुत्र्यांना कितीही औषधं लावा, भिंत गोचिडी परत पुरवत राहते. निदान चार फुटांपर्यंत गुळगुळीत गिलावा हवाच. दोन केनेलमधला आडपडदाही तेवढाच भरीव ठेव. जाळीतून नाकाला नाक लागलं की आजार आणि भांडण दोन्ही पलीकडे जातात.

गटार केनेलच्या बाहेर, आणि प्रत्येक केनेलचं पाणी थेट त्यात. एकाचं पाणी दुसऱ्यातून वाहतं ही रचना मला बघवत नाही. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून अर्धा बसवलास तरी चालेल. दहा फुटांना सव्वा इंच ढाळ दे. शेवटी केस अडवायला काढता येणारी जाळी आणि छोटा चेंबर लागेलच. पत्र्याच्या पागोळ्या मात्र या गटारात सोडू नकोस. कोकणातल्या पावसात ते तासाभरात उलटं भरेल आणि सगळी घाण आत येईल. त्यांना वेगळी पन्हळ लाव. उंदरांच्या मुताने लेप्टोचा ताप पसरतो, म्हणून बाहेरच्या तोंडालाही बारीक जाळी लाव.

उताराचं वेड लागलंय म्हणून मला हसतात. हसू देत. रोज सकाळी धुणारी माणसं पगारी नसतात. पाणी आपोआप निघून गेलं तर एका केनेलला दहा मिनिटं लागतात. साचलं तर सुपलीने उपसत बसावं लागतं, आणि मग माणसं यायची बंद होतात. रंगरंगोटीत घालवलेल्या देणग्या आठवल्या की अजून जीव जळतो.

लोखंडाचं थोडक्यात सांगते. चौकटीचे पाय चार इंची सिमेंटच्या उंचवट्यावर बसव, नाहीतर मुताने खालून सडतात. दार आत उघडणारं ठेव, म्हणजे कुत्र्याने धडक दिली तरी ते मिटतं.

धुण्याची रीतही याच्याशी बांधलेली आहे. आधी मल उचल, मग साबणाने घास, मग पाणी. त्यानंतरच ब्लीच: पाच टक्क्यांचं असेल तर एका भागाला तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं ओलं राहू दे. घाणीवर ओतलंस तर ते फुकट जातं. त्यात फिनेल किंवा ॲसिड कधीही मिसळू नकोस, वायू सुटतो. आणि उतार नसेल तर हेच ब्लीच डबक्यात साचून पायांच्या गाद्या भाजतं. आलीस ना परत तिथेच!

सगळी केनेल एकदम फोडू नकोस. आजारी कुत्र्यांची आधी, मग बाकीची अर्धी-अर्धी. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मार. ओल्या सिमेंटवर कुत्रं सोडू नकोस, पंजे सोलवटतात. मिरगाआधी हे उरकायचं तर एप्रिल उजाडायच्या आत सुरुवात हवी. आणि गटाराचं पाणी जिरवणाऱ्या शोषखड्ड्याची जागा ठरवताना विहीर लांब ठेव, साठ फूट तरी. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं. गवंड्याला बोलावण्याआधी हे अंतर टेप धरून मोज आणि मला कळव.