सहा दिवसांच्या बाळाला हिरवी उलटी झाली, डॉक्टर लगेच ऑपरेशन सांगतायत. दोन दिवस थांबलं तर चालेल का?

आधी सही करायला सांगा. बाकीचं नंतर वाचा.

तुम्ही लिहिलंय की ताईचं बाळ सहा दिवसांचं आहे, काल संध्याकाळपासून दोनदा हिरवी उलटी झाली, तालुक्याच्या डॉक्टरांनी शहरात पाठवलं, तिथे सोनोग्राफी करून सर्जन म्हणाले की आतडं जन्मापासूनच नीट बसलेलं नाही आणि आता त्याला पीळ पडलाय, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करावं लागेल. आणि घरची मोठी माणसं म्हणतायत पोट तर मऊ लागतंय, बाळ मधूनमधून दूधही मागतंय, इतक्याशा जिवाला कापायचं म्हणजे काय, दोन दिवस बघू. मी लहान मुलांची सर्जन आहे, १६ वर्षं हेच काम करतेय. दोन दिवस सोडा, यात दोन तासही फार झाले. दवाखान्यात ताईजवळ जे कोणी असेल त्यांना आत्ता फोन लावा, हे सांगा, आणि मग परत येऊन पुढचं वाचा, कारण घरच्यांना समजवायला तुम्हाला ते लागेल.

सगळं त्या हिरव्या रंगात आहे. बाळं दूध टाकतातच, ते पांढरं असतं, कधी दह्यासारखं फाटलेलं, त्यात बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. पण पित्त जे असतं ते जठरात नसतं, जठर संपून आतडं सुरू होतं ना तिथल्या पहिल्याच वळणात ते येऊन मिसळतं, आणि तिथून खाली निघून जातं. ते उलटं वर येऊन तोंडावाटे बाहेर पडलं म्हणजे खाली कुठेतरी वाट अडलीय. रक्तात इन्फेक्शन झालं तरी कधीकधी हिरवी उलटी होते, नाही असं नाही, पण ते नंतर ठरवायचं. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की पीळ नाही हे दिसेपर्यंत पीळ आहे असंच धरून चालायचं, आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात आणि मी माझ्या ज्युनियर्सना हेच शिकवते.

रंगाबद्दल घोळ होतो हेही खरं. चिकाचं दूध पिवळसर असतं, ते बाहेर आलं की कोणी हिरवं म्हणतं, आणि उलट खरं हिरवं असताना घरचे पिवळं सांगतात. मी विचारताना पालकाच्या रसासारखं होतं का हळदीच्या पाण्यासारखं असं विचारते. एकदा एक आजी आली होती, तिने बाळाचं दुपटं न धुता तसंच घडी करून पिशवीतून आणलेलं, म्हणाली सून धुवायला निघाली होती पण मीच नको म्हटलं, डॉक्टरला दाखवू. त्या दुपट्यावरचा डाग बघून मी सोनोग्राफीवाल्यांना फोन केला होता, बाळाला हात लावायच्या आधी. ते बाळ वाचलं, आता शाळेत जातं. त्यामुळे हे कोणीही वाचत असाल तर दुपटं धुऊ नका, निदान मोबाईलवर फोटो तरी काढा, खिडकीच्या उजेडात.

आता पीळ पडतो कसा ते. आईच्या पोटात बाळाचं आतडं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला नाळेच्या मुळाशी बाहेर सरकतं कारण आत जागाच पुरत नाही, आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत फिरत फिरत परत आत येऊन आपापल्या जागी चिकटतं. सगळं मिळून पाऊण फेरा होतो. नीट फिरलं तर आतड्याला धरून ठेवणारा पडदा डावीकडे वरपासून उजवीकडे खालपर्यंत लांब पसरून चिकटलेला असतो. तो फेरा अर्धवट राहिला की दोन्ही टोकं जवळजवळ येतात आणि अख्खं छोटं आतडं एका बारीक देठावर लटकत राहतं. साडीच्या निऱ्या कमरेला नीट पसरून खोचल्या तर जागेवर राहतात, पण तोच सगळा घेर एका चिमटीत धरला तर गर्रकन फिरतो, तसंच. त्या चिमटीतूनच आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य नस जाते. पीळ पडला की नुसती वाट बंद होत नाही, रक्त बंद होतं, आणि रक्त बंद झालं की काही तासांत आतडं काळं पडायला लागतं. एखादा तुकडा नाही हो, जवळजवळ सगळंच छोटं आतडं. म्हणून घाई.

पोट मऊ आहे म्हणून घरचे थांबा म्हणतायत, मला याच गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटते. अडथळा अगदी वरती असतो, हवा खाली फारशी जात नाही, आणि जठरातलं उलटीवाटे निघून जातं, मग पोट फुगणार कशाने? सुरुवातीला बाळ गोंडस दिसतं, पोट सपाट, ताप नाही, साधा एक्स-रेसुद्धा बऱ्यापैकी नॉर्मल येऊ शकतो. पोट टम्म फुगलं, कातडी लालसर-निळसर झाली, शीतून रक्त आलं, बाळ पांढरंफटक पडलं म्हणजे आतडं मरायला लागलेलं असतं. त्या वेळेला सही देणारे खूप भेटतात मला. एका बाळाला दुसरीकडे दोन दिवस इन्फेक्शन समजून सलाईन आणि अँटिबायोटिकवर ठेवलं होतं, माझ्याकडे आलं तेव्हा पोट उघडलं तर जठराच्या पुढचं जवळपास सगळं काळं. ते बाळ गेलं. त्याचं बारसंही झालं नव्हतं, केसपेपरवर नुसतं 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव.

तुमच्याकडे सोनोग्राफीत दिसलंय म्हणजे बहुतेक त्यांना रक्तवाहिनीभोवती आतडं भोवऱ्यासारखं गुंडाळलेलं दिसलं असणार. काही ठिकाणी नाकातल्या नळीतून औषध सोडून एक्स-रे काढतात, त्यात आतडं डावीकडे वळायचं सोडून मधूनच स्क्रूसारखं खाली उतरताना दिसतं. तो तपास चांगला आहे, पण बाळ खराब असेल तर त्याचीही वाट बघायची नसते, सरळ ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं. म्हणजे "अजून एक टेस्ट करून घेऊ, अजून एका डॉक्टरला दाखवू" हे आता नको.

तुमचे घरचे म्हणतात सर्जनला कापायचीच घाई असते, तर त्यांना हेही सांगा. सहा आठवड्यांचं बाळ, बहुतेक मुलगा, दूध पिऊन लगेच हातभर लांब उडेल अशी उलटी, पण पांढरी, आणि उलटी झाल्यावर परत भुकेने रडतंय, त्याला जठराच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असतो. त्यालाही ऑपरेशनच लागतं, पण ते आम्ही रात्रीत करत नाही, एक-दोन दिवस सलाईन देऊन रक्तातले क्षार जागेवर आणतो आणि मगच भूल देतो, तेव्हा नातेवाईक उलट आमच्यावर ओरडतात की का थांबलाय. तसंच सात-आठ महिन्यांचं बाळ, मधूनच पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग गप्प पडून राहतं, पंधरा-वीस मिनिटांनी परत तेच, आणि शीतून लाल शेंबडासारखं पडतं, म्हणजे आतड्यात आतडं शिरलेलं असतं, दुर्बिणीची नळी दुसऱ्या नळीत सरकते तसं. वेळेत आलं तर शीच्या जागेतून हवा किंवा सलाईन हळूहळू सोडून सोनोग्राफीत बघत बघत आम्ही ते बाहेर ढकलतो, बऱ्याच मुलांना चीरही द्यावी लागत नाही. म्हणजे जिथे थांबता येतं तिथे आम्ही थांबतोच. तुमच्या बाळाच्या बाबतीत थांबता येत नाहीये.

ऑपरेशनमध्ये काय करतात ते सांगते म्हणजे ताईला कोणी विचारलं तर सांगता येईल. बेंबीच्या जरा वर आडवी चीर देतात, सगळं आतडं हळूच बाहेर घेतात आणि पीळ उलगडतात, घड्याळाच्या उलट दिशेने, कधी एक फेरा कधी दोन-तीन. मग कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून थांबतात. ही दहा मिनिटं माझ्यासाठी अख्ख्या ऑपरेशनमधली सगळ्यात लांब असतात, ओटीत कोणी बोलत नाही, भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे बघतात आणि बाकी सगळे त्या कापडाकडे. कापड काढलं आणि जांभळं आतडं गुलाबी व्हायला लागलेलं दिसलं की सिस्टर पहिली बोलते, "आलं मॅडम". मग आतड्यावरून आडवे गेलेले पट्टे असतात ते कापायचे, तो अरुंद देठ मोकळा करून पसरट करायचा, अपेंडिक्स काढून टाकायचं, आणि छोटं आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे ठेवून पोट बंद. अपेंडिक्स काढतात कारण ते आता डावीकडे जाऊन बसणार, पुढे कधी सुजलं तर कोणाच्या लक्षातच येणार नाही. याला लॅडचं ऑपरेशन म्हणतात, बॉस्टनच्या डॉ. विल्यम लॅड यांनी १९३० च्या दशकात मांडलेलं, आणि अजूनही मूळ पद्धत तीच आहे. म्हणजे तुमच्या बाळावर कोणी नवीन प्रयोग करत नाहीये, मुंबईत परळला वाडिया हॉस्पिटल १९२९ पासून फक्त मुलांसाठी चालतंय, अशा ठिकाणी नवजात बाळांची ऑपरेशन्स रोजचीच आहेत.

थोडा भाग काळा निघाला तर तो काढून जोडतात किंवा काही दिवसांसाठी शीची वाट पोटावर काढतात. कुठलं जगेल कुठलं नाही असा संशय असला तर पोट तात्पुरतं बंद करून २४ ते ४८ तासांनी परत उघडून बघतात, तेव्हा "परत का ओटीत नेलं" म्हणून घाबरू नका. धोका आहे का, हो आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून अडीचशे मिलीच्या आसपास रक्त असतं, दोन-तीन कप चहाएवढं, अंग पटकन गार पडतं, म्हणून ओटीचा एसी बंद करून हातपाय कापसात गुंडाळतात. पण भुलेची भीती एका बाजूला ठेवा आणि न करण्याचं दुसऱ्या बाजूला ठेवा, हा पीळ मालिशने, गुटीने, ग्राइप वॉटरने उलगडत नाही, कधीच नाही. आणि कृपा करून पोटाला चटका देऊ नका कोणी, मेळघाटात त्याला डंबा म्हणतात, पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने डागतात. करणाऱ्यांचा जीव बाळावरच असतो, मला माहितीय, पण आतल्या पिळाला त्याचा काही उपयोग नाही आणि भाजलेल्या कातडीवर मला चीर द्यावी लागते.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीये पण गप्प बसलेल्या वडीलमाणसांच्या मनात बऱ्याचदा तेच असतं. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. खासगी असेल तर महात्मा फुले योजनेत ते हॉस्पिटल आहे का बघा, तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठा, कागद मागाहून आणता येतात. दुसरीकडे हलवायचंच झालं तर जठर रिकामं ठेवायला नाकात घातलेली नळी काढू देऊ नका, बाळाला उबदार गुंडाळा, सलाईन चालू ठेवा, आणि निघायच्या आधी पुढच्या हॉस्पिटलला फोन करून लहान मुलांचा सर्जन आत्ता हजर आहे का हे विचारूनच निघा.

आणि ताईकडे कोणीतरी लक्ष द्या. सहा दिवसांची बाळंतीण दवाखान्याच्या बाकावर बसून रडत असेल आणि सगळे तिला विचारत असतील तू काय खाल्लंस. तिच्या खाण्याने हे झालेलं नाही, तिला दिवस गेल्याचं नुकतं कळलं असेल त्या काळातलं हे आहे. ऑपरेशननंतर काही दिवस बाळाच्या तोंडात काही जाणार नाही, नळीतून येणारं हिरवं पाणी कमी होऊन स्वच्छ झालं आणि शी झाली की थेंब थेंब सुरू करतात, आणि तेव्हा आईच्याच दुधाइतकं दुसरं काही सोसत नाही. तोपर्यंत दूध आटता कामा नये, म्हणून दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, तिने हाताने किंवा पंपाने दूध काढत राहायचं. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, सिस्टर डबी देतील, वर तारीख-वेळ लिहून त्यांच्याकडे फ्रीजला ठेवायला द्या. तिला आजपासूनच सुरू करायला सांगा.