ट्रंक गेली की फरशीवर चौकोन उरतो
(वहिनींना विचारा)

प्रश्न: वहिनी, नाव छापू नका, सासर तासगावकडं. लग्नाला सात महिने झाले, त्यातले 41 दिवस हे घरी होते, ते पण दोन तुकड्यांत. आता फील्डची, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी, पोस्टिंग आलीय. कुठं ते सांगत नाहीत, चार-चार दिवस फोन लागत नाही, आणि टीव्हीवर बॉर्डरचं काही दाखवलं की माझा कणकेतला हात तसाच राहतोय. सासरे पण फौजीच होते, त्यामुळं सासूबाई म्हणतात फौजीच्या बायकोनं रडायचं नसतं. खरंच नसतं का?

वहिनी: रड की बाई, कुणी अडवलंय. सासूबाई पण रडल्या असणार, फक्त चुलीपुढं, धुराच्या नावावर. एकदा संध्याकाळी निवांत विचार त्यांना, सासरे फील्डला होते तेव्हा तुम्ही काय करायचा म्हणून, बघ कसं सगळं भडाभडा बाहेर येतं ते.

आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, 24 वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. सुट्टी संपली की मी पुणे स्टेशनपर्यंत जायचे झेलम एक्स्प्रेसला बसवून द्यायला, आणि परत घरी आले की काळी ट्रंक ठेवलेली असायची तिथं फरशीवर चौकोन उमटलेला दिसायचा. दोन दिवस मला तिथं झाडू मारवायचा नाही. तिसऱ्या दिवशी मारायचे, कारण मुंग्या यायला लागायच्या (लाडूचा डबा ट्रंकेत भरताना चुरा सांडलेला असायचा ना).

फोनचं म्हणशील तर पुढच्या पोस्टवर बहुतेक वेळा रेंजच नसते, कुठं कुठं मोबाईल जवळ ठेवायलाच परवानगी नसते, त्यामुळं फोन आला नाही म्हणजे लगेच काही झालं असं नाही. आणि काही कमीजास्त झालंच तर नाव बाहेर जाहीर करायच्या आधी घरी कळवायचं असतं, तेव्हा संध्याकाळी सातनंतर तो टीव्ही बंद कर, तिथं ओरडणाऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त काही माहीत नसतं. कुठं आहेत ते सांगत नाहीत याचा राग धरू नको, आणि तुला अंदाज आला तरी स्टेटसला टाकू नको.

आता कामाचं बोलते. तुमच्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची नोंद रेकॉर्डला चढवणारा युनिटचा हुकूम, पडली का? हे पहिलं विचार त्यांना, बाकी लाडाचं नंतर. लग्नाचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, दोघांचा जॉइंट फोटो वगैरे युनिटला दिलं की त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डला बायको म्हणून तुझं नाव चढतं, आणि डिपेंडंट कार्ड, एमएचमधला (मिलिटरी हॉस्पिटलमधला) इलाज, उद्या फॅमिली पेन्शन, सगळं त्या एका कागदावर उभं असतं. आमच्या ओळखीत एकीच्या आधारवर माहेरचं नाव आणि रेकॉर्डला सासरचं, नुसतं ते जुळवण्यात तिचं दीड वर्ष गेलं. फंडाला आणि ग्रुप इन्शुरन्सला नॉमिनी म्हणून अजून आईचं नाव असेल तर ते पण बघून घ्या, आणि हे सासूबाईंच्या समोर मोकळेपणानं बोला, मागून नको. कागदात अडलं तर सांगलीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं जायला लाजू नको, ते ऑफिस जेवढं त्यांचं तेवढंच तुझं पण.

आणि पीसला, म्हणजे कुटुंब नेता येतं अशा शांत ठिकाणी, बदली झाली, क्वार्टर मिळालं की जा बरं का त्यांच्याकडं. गावात लोक बोलतील, बोलू देत. आम्ही दोघं सलग एका छपराखाली राहिलो ते सगळं मिळून पाच-साडेपाच वर्षं, तेवढ्यावर पुढचं निभलं.

प्रश्न: पुण्यात आमच्या सोसायटीत एका जवानाची पत्नी दोन लहान मुलांना घेऊन राहते. 15 ऑगस्टला तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा असं कमिटीचं मत आहे. आणखी काय करता येईल?

वहिनी: आधी तिला विचारा, दादा. स्टेजवर उभं राहून लोक टाळ्या वाजवतात तेव्हा कितीजणींना आतून कसंतरी होतं, नवरा धडधाकट असताना लोक आत्ताच श्रद्धांजली देतायत असं वाटतं. मला तर वाटायचंच.

साताऱ्याजवळ आमचं अपशिंगे मिलिटरी गाव आहे, नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावाचे 46 जण कामी आले, तो आकडा आजही सांगतात. मागं घरी किती बायका राहिल्या ते कुणी मोजलेलं मी तरी ऐकलं नाही.

तिच्यासाठी करायचंच असेल तर रात्री दोनला पोराला ताप चढला तर गाडी कोण काढणार ते आजच ठरवा आणि तो नंबर तिला देऊन ठेवा. प्लंबर आला की कमिटीतलं कुणीतरी तिथं थांबा, एकटी बाई बघून तो दुप्पट पैसे सांगतो. 7 डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, 1949 पासून चालू आहे, त्यात सोसायटीकडून बरी रक्कम घाला. आणि भाऊसाहेब, एक राहिलंच, तिच्याकडं कँटीनची बाटली मागायची बंद करा. तुम्ही मागितली असेल असं मी म्हणत नाही, पण कमिटीत कुणीतरी नक्की मागितलीय.